त्याच पैशात

भाऊसाहेबांनी गाडी बदलल्याचे पेढे वाटले, तेव्हा सोसायटीतली मंडळी हौसेने पार्किंगमध्ये उतरली आणि गोंधळून उभी राहिली. परवापर्यंत तिथे २०२१ची नेक्सॉन होती. आज २०१३ची स्कॉर्पिओ होती. पांढरी. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे हार, चाकांखाली चिरडलेली लिंबं. शेजारच्या काकांनी पेढा तोंडात टाकला, गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "छान! आणि नवी कधी येतेय?"

"हीच," भाऊसाहेब म्हणाले.

त्यांचं खरं नाव काहीही असो, आपण भाऊसाहेबच म्हणू. कारण हा गृहस्थ चिंचवडला राहतो, तसाच नाशकात इंदिरानगरला राहतो आणि कोल्हापुरात ताराबाई पार्कातही. वय पंचेचाळीसच्या आगेमागे. नोकरी बरी, गावाकडे थोडी शेती, ती पाहणारा एक भाऊ. पहिली गाडी मारुती ८००, दुसरी स्विफ्ट, तिसरी हप्त्यांवरची छोटी एसयूव्ही. या तिसरीचे हप्ते फिटत आले की त्याला ती लहान वाटू लागते. या जातीत पोटजातीही आहेत. जुनी इनोव्हा घेणारा संसारी असतो. दोन लाख किलोमीटर झाल्याशिवाय इनोव्हाचं इंजिन मोकळं होत नाही, अशी त्याची श्रद्धा. जुनी फॉर्च्युनर घेणाऱ्याला निवडणूक लढवायची असते, किंवा आपण लढवणार आहोत असं लोकांना वाटावं एवढीच त्याची इच्छा असते. जुनी सफारी घेणारा हळवा. १९९८ साली ती आली तेव्हा तो कॉलेजात होता आणि ती इच्छा अजून फिटायची राहिली आहे. भाऊसाहेब स्कॉर्पिओवाले. २००२ साली ती रस्त्यावर आली, त्याच सुमारास त्यांना पहिली नोकरी लागली होती आणि कंपनीच्या बसच्या खिडकीतून त्यांनी ती पहिल्यांदा पाहिली होती. बसमधून पाहिलेली असूनही ती त्यांना उंच वाटली होती.

नेक्सॉनवर त्यांचा राग नव्हता, राग होता तो मिलिमीटरवर. एका रविवारी मोबाइलवर वाचता वाचता त्यांना कळलं की आपली गाडी चार मीटरला जेमतेम सहा-सात मिलिमीटर कमी आहे आणि हे मुद्दाम केलेलं आहे. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क कमी झालं, तेव्हापासून कंपन्या त्या रेघेच्या अलीकडे गाड्या बसवू लागल्या. सप्टेंबर २०२५च्या जीएसटीतही ती रेघ आहेच: आत असाल तर १८ टक्के, बाहेर पडलात तर ४०. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही साधी गोष्ट. भाऊसाहेबांना मात्र आपल्याला सरकारने टेपने मोजून लहान ठरवल्यासारखं झालं. त्या दिवसापासून त्यांना गाडीत गुडघे लागू लागले.

मग हिशोब सुरू झाला. भाऊसाहेब हिशोबाला पक्के. फक्त ते आधी उत्तर लिहितात आणि मग वर आकडे भरत जातात. नव्या स्कॉर्पिओ-एनचं वरचं मॉडेल रस्त्यावर येईपर्यंत पंचवीस लाखांच्या पुढे जातं, म्हणजे ती बाद. आपली नेक्सॉन जाते साडेसात लाखांना. जुनी स्कॉर्पिओ मिळते पावणेसहाला. "त्याच पैशात मोठी गाडी," ते वहिनींना म्हणाले, "आणि वर पावणेदोन लाख हातात!" हे पावणेदोन लाख त्यांनी त्या रात्री तीनदा खर्च केले. एकदा बँकेत ठेव म्हणून, एकदा मुलीच्या क्लाससाठी आणि एकदा गावाकडच्या विहिरीसाठी. तिन्ही वेळा पुरले.

शोधमोहिमेत पहिलं नाव दिल्लीचं निघालं. हरित लवादाने २०१५ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना मज्जाव केला, तेव्हापासून तिथल्या धडधाकट गाड्या पडत्या भावाने बाहेरच्या राज्यांत जाऊ लागल्या. भाऊसाहेब बॅग भरायला निघाले होते. एजंटाने एनओसी, इथला रोड टॅक्स, नवं पासिंग अशी यादी वाचली, तेव्हा बॅग परत माळ्यावर गेली.

राज्यातल्या गाड्या पाहताना मात्र एक गोष्ट त्यांच्या लक्षात यायला हवी होती. जुन्या गाड्यांच्या बाजारावरून पाहिलं तर महाराष्ट्रात डॉक्टरांशिवाय कुणी गाडी घेतच नाही. "डॉक्टरसाहेबांची गाडी आहे, सिंगल हॅण्ड, फक्त दवाखान्यात जायची." हे वाक्य त्यांनी हडपसरला ऐकलं, साताऱ्याला ऐकलं, बारामतीला ऐकलं. इतके डॉक्टर इतकं कमी फिरत असतील तर पेशंटचं काय होत असेल, हा विचार त्यांना शिवला नाही.

अखेर अकलूजकडची एक मिळाली. ही डॉक्टरांची नव्हती, कुणा बापूंची होती, आणि नेमक्या याच प्रामाणिकपणावर भाऊसाहेब भाळले. सोबत मेस्त्री नेला होता. मेस्त्री कमी बोलणारा, म्हणून त्याच्यावर विश्वास जास्त. त्याने इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं आणि वर तळहात धरला. बॅक मारत नव्हतं. डिपस्टिक ओढून ऑइल दोन बोटांत चोळलं, हुंगलं. दाराचं रबर सोलून आतले कंपनीचे स्पॉट मोजले. बॉनेटच्या नटांना पाना लागलाय का, ते वाकून पाहिलं. मग सीटबेल्ट मुळापर्यंत ओढला, कारण पुराच्या पाण्यात बसलेली गाडी कितीही धुतली तरी चिखलाची रेघ पट्ट्याच्या त्या शेवटच्या वीतभरात राहते. रेघ नव्हती. शेवटी त्याने क्लचच्या पेडलकडे बोट दाखवलं. मीटर म्हणत होता अठ्ठ्याहत्तर हजार आणि पेडलवरचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं.

"मीटर मागे घेतलाय," मेस्त्री म्हणाला.

"बापूंचा पाय जड असेल," भाऊसाहेब म्हणाले आणि टोकन दिलं.

या माणसाशी सुरक्षिततेवर वाद घालू नये. तो तुम्हाला हाताला धरून गाडीपाशी नेतो आणि बॉनेटवर टकटक करून दाखवतो. "आवाज ऐका. लोखंड आहे लोखंड! नाहीतर आजकालच्या गाड्या, अंगठ्याने दाबला तरी पत्रा आत जातो." खरी गोष्ट अशी की, ग्लोबल एनकॅपने डिसेंबर २०१८मध्ये नेक्सॉनला प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे दिले आणि भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळाले. त्याच संस्थेने २०१६ साली एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ ताशी ६४ किलोमीटरने आदळून पाहिली होती. तिला मिळाले शून्य. नव्या गाडीचा पुढचा पत्रा चेपतो तो धक्का स्वतः पिऊन टाकण्यासाठी, म्हणजे माणसं बसतात तो भाग शाबूत राहतो. जी गाडी चेपायलाच तयार नसते, ती आपला धक्का बरगड्यांकडे पाठवून देते. हे सगळं त्यांच्या इंजिनिअर भाच्याने आकृती काढून समजावलं. भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ट्रकने ठोकलं तर तुझी आकृती काय करेल?" बापूंच्या मॉडेलात एअरबॅग नव्हत्या. डॅशबोर्डवर गणपती होता, तो वाढवून मोठा बसवला.

कागदपत्रांत फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या आणि गाडीवरची आठ ई-चलनं बाहेर आली. पाच वेगाची, तीन नंबर प्लेटची. नंबर होता ४१४१ आणि बापूंनी तो अशा वळणाने रंगवून घेतला होता की वाचणाऱ्याने 'दादा' वाचावं. गाडीच्या किमतीत भाऊसाहेबांनी मनातल्या मनात या पाटीचे वीस-पंचवीस हजार धरले होते. पण १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना राज्यात हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झालेली. दोन रिबिटं ठोकली गेली आणि दादांचे पुन्हा चार आकडे झाले. मागच्या काचेवरचं 'बापूंचा आशीर्वाद' मात्र खरवडूनही पूर्ण गेलं नाही. उन्हात गाडी उभी असली की गोंदाच्या खुणांतून आशीर्वाद स्पष्ट वाचता येतो.

याचा प्रत्यय पंढरपूरला जाताना आला. फलटण ओलांडलं, नातेपुते आलं आणि लोक हात करू लागले. एकाने तर सायकल थांबवून नमस्कार केला. भाऊसाहेबांनी आधी मागे वळून पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि माळशिरसपर्यंत त्यांचा उजवा हात खिडकीबाहेरच होता. माळशिरसच्या हॉटेलवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. "बापूंच्या गाडीकडून कसले पैसे?" इतकी वर्षं नेक्सॉन चालवून त्यांना जे मिळालं नव्हतं ते एका दुपारात मिळालं. वेळापूरच्या पुढे डिझेल भरायला थांबले, तेव्हा पंपावरचा माणूसही धावत आला. त्याच्या हातात वही होती. "बापूंना सांगा, जत्रेतलं डिझेल अजून लागलंय. एकोणीस हजार झाले." येताना भाऊसाहेब इंदापूरमार्गे आले.

सात जागांची गाडी आली की सात माणसंही येतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाच जागांच्या काळात लग्नाला बोलावणं यायचं. आता लग्नाच्या आदल्या दिवशी फोन येतो. "तुमची मोठी गाडी आहे ना, जरा मावशींना घेऊन या. आणि रुखवताची दोन खोकी आहेत." मागच्या आडव्या सीटांवर पोरं समोरासमोर बसतात, पहिले वीस किलोमीटर भांडतात आणि कात्रजचा घाट लागला की एकेक जण पांढरा पडू लागतो. गावाहून येताना भाऊ विचारतोच, "जागा आहे ना?" आणि उत्तराची वाट न पाहता तांदळाचं पोतं टाकतो. त्यावर आंब्याच्या पेट्या. त्यावर कुणाचा तरी जावई. भाऊसाहेब वरून कुरकुरतात खरे, पण ही कुरकुर त्यांना मनापासून आवडते. कुणीतरी आपल्याकडे गाडी मागावी, यासाठी त्यांचे वडील जन्मभर झुरले होते.

आता त्या पावणेदोन लाखांचं काय झालं ते सांगायला हवं. पहिल्याच महिन्यात चार टायर. मग क्लचप्लेट. मग 'खालचं काम': बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट. मेस्त्रीने एक उघडलं की त्याच्या शेजारचं बोलू लागतं. विम्याचा हप्ता आला तेव्हा कळलं की दीड लिटरच्या वरच्या इंजिनाला थर्ड पार्टीचेच ७,८९७ रुपये लागतात. आधीच्या गाडीला ३,४१६ लागायचे. २०२८ साली पंधरा वर्षं भरतील, तेव्हा पुनर्नोंदणीचे पाच हजार, वर पर्यावरण कर आणि आरटीओत तपासणी. या सगळ्याला भाऊसाहेबांच्या वहीत एकच शब्द आहे: 'एकदाचं'. एकदाचं काम करून घेतलं की बघायला नको. मोठं बिल झालं की ते मेस्त्रीचं वाक्य म्हणतात, "हिला डीपीएफची कटकट नाही." डीपीएफ म्हणजे काय, हे घरात कुणाला ठाऊक नाही, पण ती नसल्याचं सगळ्यांना समाधान आहे. अ‍ॅव्हरेजबद्दल विचारलंत तर ते चौदा सांगतात. ते त्यांनी खंडाळ्याचा घाट उतरताना काढलेलं आहे.

पार्किंगची जागा अडीच मीटर रुंद आणि एका अंगाला खांब. रोज संध्याकाळी मुलगा मागे उभा राहून ओरडतो, "येऊ द्या… येऊ द्या… बास! बास, बाबा!" शेजारच्या गाडीवाल्यांनी आपला आरसा कायमचा मिटून ठेवला आहे.

ही खटपट सगळी कुटुंबासाठी, असं भाऊसाहेब सांगतात. कुटुंबाची स्थिती अशी: नेक्सॉन दिवसभर वहिनींच्या हातात असायची. मुलीचा क्लास, मंडई, सासूबाईंची फिजिओथेरपी. स्कॉर्पिओचा क्लच दाबायला त्यांना सीट सोडून अर्धं उभं राहावं लागतं. गेटपर्यंत एकदा नेली आणि किल्ली टेबलावर ठेवली ती ठेवलीच. आता क्लासला स्कूटर, मंडईला स्कूटर, फिजिओथेरपीला रिक्षा. सासूबाईंना गाडीत चढता येत नाही, म्हणून डिक्कीत प्लास्टिकचं स्टूल असतं. ते दर वेळी कुठल्यातरी मंगल कार्यालयात राहतं. रिक्षाचे पैसे 'एकदाचं'मध्ये बसत नाहीत, म्हणून ते वहीत लिहिलेले नाहीत.

परवा वहिनींनी हा विषय काढला. आवाज चढवला नाही, पण रिक्षाच्या पावत्या पुढे ठेवल्या. भाऊसाहेब रात्री बारापर्यंत मोबाइलवर होते. सकाळी चहाच्या वेळी त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"एक वॅगन-आर आलीय. छोटी, तुझ्यासाठी. २०१५ची. लेडीज हॅण्ड, कुणा डॉक्टरीणबाईंची, फक्त दवाखान्यात जायची. मी म्हणतो, त्या पावणेदोन लाखांत…"

वहिनींनी बशीत चहा ओतला. "ते पैसे असतील," त्या म्हणाल्या, "तर आपली नेक्सॉन घेतलेल्या माणसाला फोन लावा. केवढ्याला परत देतोय विचारा."

भाऊसाहेबांनी वही ओढली आणि उत्तर लिहून ठेवलं.