मोखाड्याची वेबसाइट मुंबईमार्गे

मोखाड्यातल्या घरी जुन्या लॅपटॉपवर बोहाडा उत्सवातल्या सोंगांचे फोटो ठेवून वेबसाइट करणे अवघड नाही. ती घरातल्या प्रत्येक मोबाइलवर झकास उघडते. जव्हारच्या मेहुण्याकडे मात्र उघडत नाही, आणि दोष मेहुण्याच्या मोबाइलला दिला जातो. खरे कारण असे, की लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो. असे पत्ते कोट्यवधी घरांत एकाच वेळी नांदतात आणि उंबरठ्याबाहेर त्यांना कोणी ओळखत नाही.

यावर जुना उपाय पोर्ट फॉरवर्डिंगचा. ८० किंवा ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर आलेला पाहुणा राउटरने लॅपटॉपकडे पाठवायचा. पण त्यासाठी राउटरकडे तरी स्वतःचा सार्वजनिक पत्ता हवा, आणि तिथेच घोडे पेंड खाते. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते सुमारे ४३० कोटीच. आशिया-पॅसिफिकचा सर्वसाधारण साठा एप्रिल २०११ मध्ये आटला. तेव्हापासून अनेक कंपन्या एकाच पत्त्यामागे कित्येक ग्राहक बसवतात. हा कारभार काळी-पिवळी जीपचा: नंबर प्लेट एक, आत माणसे किती ते विचारायचे नाही. नुसत्या नंबरावरून मागच्या सीटवरचा प्रवासी सापडत नाही. राउटरला बाहेरचा म्हणून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगवर रात्र घालवू नये. हा पट्टा २०१२ मध्ये अशाच दाटीवाटीसाठी राखून ठेवला आहे.

जादा पैसे मोजून कायमचा पत्ता घेता येतो, कंपनी देत असेल तर. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्ते मुबलक आहेत, पण पाहुण्याकडेही ते हवे आणि वाटेतल्या फायरवॉलने आत सोडायला हवे.

उरतो टनेल. बाहेरच्याला आत येऊ देत नाहीत, पण आतल्याला बाहेर जाताना सहसा कोणी अडवत नाही. म्हणून लॅपटॉपच मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरशी वायरगार्ड या टनेलच्या सॉफ्टवेअरने जोडणी करून ती धरून ठेवतो. पाहुणे मुंबईत येतात आणि त्याच वाटेने मोखाड्याला पोचतात. जव्हारने मागितलेला फोटो असा मुंबईला वळसा घालून जातो, तरी घाटातल्या एसटीच्या आधी पोचतो. पावसाळ्यात लाइट गेली की मात्र फोटो थांबतो.

साइट उघडी होताच पहिले पाहुणे येतात ते परदेशातले बॉट. त्यांना सोंगांत रस नसतो. ते लॉगिनचे पान शोधतात. पासवर्ड अजून ‘ॲडमिन’ असेल, तर मेहुण्याला लिंक पाठवण्याआधी तो बदलावा.