टाचेला खिळे

२०११ साली ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ हा चित्रपट आला. त्यातल्या ‘सेन्योरिता’ या फ्लामेंको धाटणीच्या गाण्यासाठी बॉस्को-सीझर यांना नृत्यदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फ्लामेंको म्हणजे नजरेत राग आणि पायांची आदळआपट, हे ज्ञान मराठी घरांत तेव्हापासून पक्कं आहे.

वर्षभर आधीच युनेस्कोने ही स्पॅनिश कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली होती. ते कुणाच्या गावीही नव्हतं.

खरी मेख ठेक्यात. सोलेआ या फ्लामेंको प्रकाराच्या मात्रा बारा. जोर तिसरी, सहावी, आठवी, दहावी, बारावीवर. तत्कार घोटलेला कथकवाला हिशेब तरी मांडेल. हौशी मंडळी मात्र आधी बूट शोधतात, टाचा-चवड्यांना खिळे ठोकलेले.

कळंबच्या बाजारात तसे मागून पाहावेत. ‘बैलासाठी पायजेत का जी?’