बडाबाजारातले आर्मेनियन सूर

व्यापाऱ्याच्या घरात गाणं शिरलं, की थोरली मंडळी आधी विचारतात, "यातून मिळणार काय?" कलकत्त्याच्या आपकार घराण्यातही हे कोणीतरी विचारलं असणारच. इराणातल्या इस्फहानजवळच्या नव्या जुल्फातून आलेलं हे आर्मेनियन कुटुंब. धंद्याचा श्रीगणेशा त्यांनी मुंबईत केला आणि मग बिऱ्हाड कलकत्त्याला हलवलं. मुंबईला नावं ठेवायला कलकत्तेकरांना एवढंही पुरे! आपकारांच्या बोटी हाँगकाँगपर्यंत जात आणि त्यांत अफूही असे. अशा घरातल्या एमी आपकार या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कलकत्त्यात एक पुस्तक काढलं. त्यात अफूचे भाव नव्हते, आर्मेनियन चर्चमधल्या उपासनेच्या चाली होत्या, पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवलेल्या.

हे किती किचकट काम, ते गणपतीतल्या आरतीवरून समजावं. शब्द तेच, पण कोकणातली ओढ वेगळी, घाटावरची वेगळी, आणि आपल्या वाड्यातली चाल तेवढी खरी असं प्रत्येकाचं ठाम मत. मग ज्यांचा वाडाच जुल्फातून हजारो मैल दूर कलकत्त्याला आला, त्यांच्या चालींचं काय होत असेल! ज्याला पाठ त्याच्या तोंडून दुसऱ्यानं उचलायची, आणि उचलणाऱ्यानं नकळत पदरची एक मुरकी घालायची. वाद सगळ्यांनीच घातले असतील. कागद-पेन्सिल घेऊन बसल्या त्या एमीबाई.

त्याच सुमारास तिकडे आर्मेनियन संगीताचे खरे उस्ताद घडत होते, कोमितास. संगीतकार आणि गायकवृंदाचे संचालक. जन्म १८६९ चा, तुर्कस्तानातल्या कुताह्याचा. पोरका मुलगा, आवाज मात्र असा की त्या आवाजावरच एचमियाद्झिनच्या धर्मपीठात निवड झाली. गंमत अशी, की घरी बोलणं तुर्कीत. आर्मेनियन भाषा येत नव्हती. धर्मगुरूंपुढे त्यानं आर्मेनियन स्तोत्र गायलं, ते अर्थ न कळताच. आपल्याकडे मुंजीत बटू मंत्र म्हणतो तेव्हा कोणी त्याला अर्थ विचारत नाही, पण पुढे तो बटू मंत्रांचा अख्खा कोश करील अशी अपेक्षाही कोणी धरत नाही. कोमितासनं ते केलं. बर्लिनला शिकून आला आणि खेडोपाडी हिंडून शेतकऱ्यांची गाणी टिपत सुटला. शेतकऱ्याला "गा बघू" म्हटलं की गाणं बिघडतं, हे त्याला कळलं होतं. नांगर चालू असतानाच नांगराचं गाणं ऐकायला हवं. पुढे कॉन्स्टँटिनोपलला त्यानं तीनशे गायकांचा वृंद उभा केला. आपल्या सोसायटीत सात जणांना एका पट्टीत आणता आणता गणेशोत्सव संपतो. तीनशे म्हणजे काय, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

हे सगळं वाचताना मराठी माणसाला भातखंडे आठवल्यावाचून राहात नाहीत. कोमितास धर्मपीठातला साधू, भातखंडे वकील, खोड एकच. भातखंडेही असेच गावोगाव फिरले, खाँसाहेबांचे रुसवे काढले, बंदिशी मिळवल्या आणि स्वरांच्या डोक्यावर-पायाशी टिंबं देऊन क्रमिक पुस्तकांत बसवल्या. १९०७ साली ते कलकत्त्याला जाऊन राजा सौरींद्रमोहन ठाकुरांना भेटले. त्यांच्याशी वाद घालण्यात पंडितांनी कसूर केली नसणार, असा माझा त्यांच्या स्वभावावरून तर्क.

भातखंड्यांना निदान आपल्या गावात म्हातारपण लाभलं. कोमितासचं तसं झालं नाही. २४ एप्रिल १९१५ ला तुर्की सरकारनं कॉन्स्टँटिनोपलमधल्या आर्मेनियन पुढाऱ्यांची धरपकड केली, त्यात तोही होता. जीव वाचला, मन वाचलं नाही. उरलेली वर्षं बहुतेक पॅरिसच्या इस्पितळांत गेली. १९३५ मध्ये तो वारला. याच्यावर विनोद करता येत नाही, म्हणून पुढे जातो.

पुढे म्हणजे पुन्हा कलकत्त्यात, आणि तेही थेट कर्ण्यासमोर. नोव्हेंबर १९०२. लंडनहून आलेले फ्रेड गायसबर्ग ध्वनिमुद्रणाचं यंत्र मांडून बसलेत आणि समोर गोहरजान. जन्मनाव अँजेलिना येओवर्ड, वडील आर्मेनियन वंशाचे. मैफलीत एका ठुमरीला तासभर घोळवणारी ही बाई. तिला सांगण्यात आलं, तीन मिनिटं आणि तोंड कर्ण्यात. मान हलवायची नाही, बैठक सोडायची नाही, समोर दाद देणारा रसिक नाही, नुसता पितळी जबडा. दुसरी कोणी असती तर साहेबाला चार शब्द सुनावून उठली असती. गोहरजाननं तीन मिनिटांत राग उभा करून दाखवला आणि शेवटी इंग्रजीत खणखणीत आवाजात आपलं नाव सांगितलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तिथल्या कारागिराला कुठली तबकडी कोणाची हे कळावं म्हणून ही घोषणा. आज ती ऐकताना वाटतं, बाई कारागिराला सांगत नव्हती, जगाला बजावत होती. पुढे तिनं दहाहून अधिक भाषांत गाऊन ठेवलं, त्यात मराठीही होती. मांजरीच्या बाळंतपणाला तिनं वीस हजारांची मेजवानी घातली म्हणतात. ही कथा खरी असो वा नसो, इतकी उधळपट्टी एमीबाईंच्या घरात चालली नसती, एवढं नक्की.

एकाच शहरातल्या या दोघी, पण एक चर्चमधली, एक चितपूरच्या कोठ्यावरची. दोघींची ओळख झाली असती तरी चहापानापलीकडे गेली असती असं वाटत नाही. माझा कौल विचाराल, तर रसिक म्हणून गोहरजानला. पण कामाचा चिवटपणा मोजायचा झाला, तर एमीबाई तसूभरही मागे नाहीत. गोहरजानला तबकडी, पैसा आणि टाळ्या मिळाल्या. एमीबाईंचं पुस्तक ज्यांच्यासाठी होतं, ती माणसं तेव्हाही मूठभर होती आणि आज तर कलकत्त्यात शंभर-दीडशेच्या घरात उरली आहेत. आपकारांचा बोटींचा धंदा १९१२ मध्ये विकला गेला. पुस्तकाची मात्र १९२० मध्ये लाइपझिगला दुसरी आवृत्ती निघाली. घरातल्या थोरल्यांच्या प्रश्नाचं उत्तर यायला एवढी वर्षं लागली.

बडाबाजारातलं १७२४ चं पवित्र नाझरेथ चर्च अजून उभं आहे. सभोवार हातगाड्या, हमालांच्या आरोळ्या, मसाल्यांचा ठसका. फाटकातून आत गेलं की जुन्या थडग्यांचं अंगण, त्यातल्या एका शिळेवर १६३० हे साल. १८२१ मध्ये स्थापन झालेलं आर्मेनियन कॉलेजही मिर्झा गालिब स्ट्रीटवर चालू आहे. तिथे इराण, इराक, आर्मेनियातून मुलं शिकायला येतात. आर्मेनियनांचा नाताळ ६ जानेवारीला असतो, तेव्हा डिसेंबरची गर्दी हुकली म्हणून हळहळू नका. रविवारची उपासना मात्र दर वेळी नाझरेथ चर्चमध्येच नसते, शहरातल्या इतर आर्मेनियन चर्चमध्येही आळीपाळीने होते. म्हणून आधी चौकशी करा, मगच टॅक्सी ठरवा.