खोडरबर-मीमांसा

अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोडच्या एडिट रूममध्ये ‘आफ्टर इफेक्ट्स’ उघडून बसलेल्या साधकाला सनातन प्रश्न पडतो: पडद्यावरची नको असलेली वस्तू पुसावी, की झाकावी? या विषयाची विद्वानांनी जेवढी हेळसांड केली, तेवढी इतर कशाचीच झाली नसेल. ‘आफ्टर इफेक्ट्स’ या सॉफ्टवेअररूपी ग्रंथाचे मूळ निर्विवाद आहे. १९९३ साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावच्या कोसा कंपनीने तो काढला आणि पुढल्याच वर्षी, व्हाया आल्डस, तो अडोबीच्या पदरात पडला. वाद आहे तो खोडरबराच्या स्वरूपाविषयी.

पूर्वपक्ष असा, की खोडरबर पुसतो. हे नवशिक्यांचे मत. ते कॉम्पोझिशनच्या खिडकीत खोडरबर घासत बसतात आणि काही म्हणता काही होत नाही. कारण हे अवजार फक्त लेयर पॅनलमध्ये चालते. लेयरवर डबल क्लिक करून आत शिरावे, तेव्हा कुठे वस्तू जाते. पण टाइमलाइन उलगडून पाहावी, तर ‘पेंट’खाली ‘इरेझर १’, ‘इरेझर २’ अशी रांग! वस्तू जागच्या जागी आहे. वाढली ती खोडल्याची नोंद. शिवाय प्रत्येक फटकाऱ्याला आयुष्य असते. ‘ड्युरेशन’ चुकून ‘सिंगल फ्रेम’वर राहिले, तर मालिकेतल्या बाटलीवरचे लेबल सेकंदाचा पंचविसावा भाग अंतर्धान पावते आणि पुन्हा हजर. एवढ्या अल्पायुषी विरक्तीपुढे स्मशानवैराग्यसुद्धा दीर्घ म्हणावे लागेल.

उत्तरपक्ष मास्कवाद्यांचा. पेन टूलने कड काढा, एफ दाबा, फेदर वाढवून कड मऊ करा, मूळ फुटेजला धक्का नाही. ठीक, पण मास्कलाही ‘नन’ नावाची अवस्था आहे. हा मास्क म्हणजे सोसायटीच्या कमिटीतला तो सभासद: यादीत नाव, कामात शून्य. तरी त्याच्या रेषेवर ‘स्ट्रोक’ इफेक्ट फिरवता येतो. कमिटीवाल्याचा तेवढाही उपयोग नाही. याहून गूढ तो ‘शाय’ लेयर. तो टाइमलाइनच्या यादीतून लपतो आणि पडद्यावर राजरोस दिसत राहतो. ही लाज नेमकी कोणापासून, हे भाष्यकारांनी सांगितलेले नाही.

आता हिरव्या चुड्याचा पेच. गोरेगावला हिरव्या क्रोमापुढे नवरी उभी केली, की क्रोमाबरोबर चुडाही उडतो आणि मनगटातून थेट स्वित्झर्लंड दिसू लागते. मग न उडवलेल्या फुटेजची प्रत वर ठेवून चुड्यापुरता मास्क काढायचा. नवरीने हात हलवला, की मास्क हलवा. दहा सेकंदांचा शॉट म्हणजे २५० फ्रेम, आणि नवरी नेमकी पदर सावरणारी निघते.

चित्रावरून फ्रेमगणिक रेघ ओढण्याच्या या व्रताचे पेटंट मॅक्स फ्लायशर यांना १९१७ साली मिळाले. २०१२मध्ये ‘स्टार वॉर्स’चा पहिला एपिसोड थ्रीडीत आणला तो मुंबईच्या प्राइम फोकसने, म्हणजे परग्रहावरची माणसे कडेकडेने कातरणे आलेच. २०१० साली आलेल्या रोटो ब्रशने हे व्रत सोपे केले असे म्हणतात. म्हणणाऱ्याने मोकळे केस कातरून पाहावेत. अंबाड्याची सासू जेवणाच्या सुट्टीपर्यंत आटोपते. मोकळ्या केसांची सून शेवटच्या बोरिवली लोकलपर्यंत पुरते, आणि शूट वर्सोव्याच्या वाऱ्यावर झाले असेल, तर लोकलही जाते.