रस्तादर्शक यंत्र : केमपुरती वापरपद्धती

सदर मार्गदर्शन गाडीच्या काचेला चिकटवायच्या नॅव्हिगेटरसाठी आहे. मोबाइलवाल्यांनी वाचायला हरकत नाही; केमच्या अलीकडच्या वस्त्यांवर त्यांचीही गत फार वेगळी होत नाही.

प्रथम स्थापना. काच स्वच्छ पुसून यंत्राची रबरी वाटी दाबून बसवावी. धुळीवर ती टिकत नाही. पहिल्या गतिरोधकाला यंत्र ड्रायव्हरच्या मांडीवर आलं, तर तो बिघाड समजू नये. यंत्र ‘पोर्टेबल’ असल्याची ती खूण आहे. करमाळा तालुक्यातलं केम कुंकवासाठी नावाजलेलं आहे. कुंकवाच्या कारखान्याशेजारून खिडकी उघडी ठेवून गेलात तर यंत्राच्या पडद्याला आपोआप सौभाग्य प्राप्त होतं.

यंत्र चालू करून मोकळ्या आभाळाखाली स्वस्थ उभं राहावं. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या किमान 4 उपग्रहांशी त्याची गाठ पडल्याशिवाय ते आपला ठावठिकाणा नीट सांगत नाही. बरेच दिवस बंद असेल तर उपग्रहांचं अख्खं पंचांग उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटं लागतात. तेवढ्यात टपरीवर चहा होतो, आणि चहावाल्याचा रस्ता सांगूनही होतो.

मग गावाचं नाव भरावं. इंग्रजी तीनच अक्षरं असल्यामुळे चूक होणार नाही असं वाटतं, पण रशियात श्वेत समुद्राकाठीही याच नावाचं गाव आहे. उरलेलं अंतर हजारो किलोमीटर दिसलं तर डिझेल भरण्याआधी जिल्हा सोलापूर आहे ना, ते बघावं.

‘कमीत कमी अंतर’ हा पर्याय निधड्या छातीच्या माणसांसाठी आहे. पुण्याहून निघाल्यावर यंत्र तुम्हाला टेंभुर्णीपर्यंत महामार्गाने जाऊ देणार नाही. भिगवणच्या पुढेच डिकसळच्या पुलावरून उजनीचं पाणी ओलांडून जेऊरकडे काढू पाहील. हा पूल ब्रिटिशांनी रेल्वेसाठी बांधलेला. धरण झालं, रेल्वेचा मार्ग सरकला आणि पूल मोटारींच्या वाट्याला आला. अलीकडे त्याचा काही भाग ढासळला. यंत्रातला नकाशा त्याआधीचा असेल, तर यंत्रातल्या बाईंचा आवाज तितक्याच शांतपणे ‘सरळ जा’ म्हणतो. अशा वेळी काच खाली करून शेरडं राखणाऱ्या म्हाताऱ्याला विचारावं. पूल चालू आहे की नाही, हे त्याला ठाऊक असतं.

‘पोहोचण्याची वेळ’ ही सोय उसाचा गळीत हंगाम सोडून वापरावी. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असला, त्यावर मोठ्यांदा गाणं लागलेलं असलं आणि मागे रिफ्लेक्टरच्या जागी उसाची वाढी लोंबत असली, की ती वेळ मिनिटामिनिटाने पुढे सरकते. यंत्राचा यात दोष नाही. ओव्हरटेक करू नये, एवढंच सांगणं.

आता सर्वांत मोहाचा उपयोग. यंत्र सुटून हातात येतं हे कळल्यावर गावातला कुणीतरी ते शेतावर न्यायला मागतोच. शेजाऱ्याने बांध कोरलाय, तेवढं उपग्रहावरून बघून द्या! मोकळ्या रानातसुद्धा असल्या साध्या यंत्राची चूक पाच-दहा मीटरची असू शकते, आणि भांडण असतं हातभर जमिनीचं. दोघा भावांनी आपापलं यंत्र आणलं तर दोघांचीही जमीन वाढते. सातबारा तेवढा आहे तिथेच राहतो. म्हणून यंत्र गाडीतच ठेवून त्यांना भूमी अभिलेखच्या मोजणीची वाट दाखवावी. ती वाट यंत्रात नसते, आणि पोहोचण्याची वेळही कुणी सांगत नाही.

चुकीच्या वळणावर यंत्र नवा मार्ग शोधत घुटमळतं. केमच्या पंचक्रोशीत ही सोय पारावर पूर्वीपासून उपलब्ध आहे. ‘पाव्हणं, म्होरं आलाव जरा. मागं फिरा, कॅनॉल लागंल, तिथनं डाव्या अंगाला. हे काय, हाकेच्या अंतरावर!’ इथे हाक हे माप बोलणाऱ्याच्या छातीवर अवलंबून असतं. किलोमीटरमध्ये उतरवताना तीनने गुणावं. शिवाय ‘कुणाकडं जायचंय?’ हा प्रश्न येतो. नाव सांगितलंत तर यजमान कोणत्या भावकीतला, तो आज गावात आहे की लग्नाला गेलाय, हेही कळतं. बाजारातल्या कुठल्याही यंत्रात हे अजून आलेलं नाही.

गाडी उभी करून जाताना यंत्र काढून न्यावं, पण काचेवरचा वाटीचा गोल ठसाही पुसावा. तो राहिला तर चोराला आत काय आहे ते कळतं. केमच्या उत्तरेश्वराच्या दर्शनाला जाताना तर नक्कीच पुसा.

एवढं करूनही भरवसा वाटत नसेल, तर पुणे–सोलापूर लोहमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मध्ये केम नावाचं स्टेशन आहे. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. तेवढं तिकीट काढण्याआधी विचारून घ्या.