एकास चौसष्ट

त्यांचं खरं आडनाव सांगत नाही. दहिवलीपासून कर्जत स्टेशनापर्यंत सगळे त्यांना चौसष्टे म्हणतात आणि पिढीजात नाव असल्यासारखे तेही ओ देतात. एकदा गॅसवाल्याने पावतीवरच ‘श्री. चौसष्टे’ लिहिलं. वहिनी म्हणाल्या, बदलून आणा. हे म्हणाले, ‘असू दे. चूक कुठंय?’

चौसष्टे एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघतात आणि घरी गाड्या जमवतात. जस्ताच्या मिश्रधातूच्या, साच्यात ओतलेल्या, बोटभर लांबीच्या. खऱ्या गाडीच्या एकास चौसष्ट. ‘खेळणी’ म्हटलेलं खपत नाही; ‘मॉडेल’ म्हणायचं. हे प्रमाण त्यांच्या अंगात इतकं भिनलंय की समोर येईल त्याला ते चौसष्टने भागतात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. भागिले चौसष्ट, म्हणजे जेमतेम दीड किलोमीटर, म्हणजे आमच्या आळीतून स्टेशन. ‘मी रोज सकाळी कळंबोली ते देहूरोड चालतो,’ असं त्यांनी रक्तदाबाच्या डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी चालणं ताबडतोब कमी करायला लावलं.

घरात गाड्या नऊशे बारा. चालवायची एकही नाही, लायसन्सही नाही. एकदा शिकायला गेले होते. शिकवणारा ‘क्लच दाबा’ म्हणतोय आणि सीट रिकामी. हे खाली वाकून गाडीच्या बुडाशी काय छापलंय ते बघत होते.

बूड बघणं ही त्यांची खोडच आहे. मॉडेलची सगळी कुंडली बुडावर असते: कंपनी, मलेशिया की थायलंड, आणि साल. हे साल साच्याचं असतं, त्या गाडीच्या जन्माचं नव्हे, हे ते कोणालाही थांबवून समजावतात. पण खोड ती खोड. आमच्या नव्या सूनबाईंनी पहिल्यांदा चहा दिला, तेव्हा यांनी कप डोक्यावर धरून बशीखालचा शिक्का वाचला. तिला वाटलं, सासरकडचे घराणं तपासतायत.

गाड्यांची नोंदवही कचेरीच्याच धर्तीची. डाव्या पानावर आवक: अनुक्रमांक, दिनांक, कोठून, तपशील, शेरा. उजव्या पानावर जावक. आवकीच्या बाजूला अक्षरं मुंग्यांसारखी. जावकीची पानं एकोणीस वर्षं कोरी, फक्त वर लाल शाईने आखलेला मथळा. बहुतेक गाड्या पाकिटातून बाहेरच काढलेल्या नाहीत. पाकीट फोडलं की किंमत गेली. त्यामुळे वहिनींच्या कपाटात लग्नातला शालू आणि १९६८च्या पहिल्या सोळा हॉट व्हील्समधल्या फोक्सवॅगनचं नंतर निघालेलं रूप, दोघंही प्लास्टिकच्या आड शेजारी शेजारी. दोघांनाही वारा लागलेला नाही.

पाहुणा आला की काडेपेटीची गोष्ट ठरलेली. लंडनच्या लेस्नी कंपनीत जॅक ओडेल नावाचे एक भागीदार होते. त्यांच्या मुलीच्या शाळेत नियम असा, की काडेपेटीत मावेल तेवढंच खेळणं आणायचं. बापाने पितळेचा एवढासा रोडरोलर घडवून दिला. त्यातून १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ गाड्या बाजारात आल्या. गोष्ट खरी आहे आणि चांगलीही आहे, पण चौसष्टे ती साभिनय सांगतात. ‘एक काडेपेटी आणा बघू,’ म्हणतात आणि काड्या ताटात ओतून तिच्यात गाडी बसवून दाखवतात. सतराव्या पाहुण्यानंतर वहिनींनी लायटर विकत घेतला. ‘काडेपेटीत मावत होतं तोवर ठीक होतं हो,’ एवढंच त्या म्हणतात.

नवीन माल पनवेलला लागतो. त्याला ‘हंटिंग’ म्हणायचं. रजेचा अर्ज टाकून, चौकमार्गे एसटीने, दुकानाचं शटर वर जायच्या आत चौसष्टे दारात हजर. सोबतीला एरवी असतात ती आठ-दहा वर्षांची पोरं. एकदा मी बरोबर होतो. खुंट्यांवर पाकिटं लटकलेली, चौसष्टे रेशनचे तांदूळ निवडावेत तसे बोटांनी एकेक सारतायत. ‘ट्रेझर हंट’ हवी होती. हॉट व्हील्स कंपनी १९९५पासून दरवर्षी अशा थोड्या गाड्या मुद्दाम नेहमीच्या मालात मिसळून सोडते. ओळखायची खूण म्हणजे गाडीच्या अंगावर कुठेतरी वर्तुळातली बारीकशी ज्योत. ती ज्योत यांना दिसली. पण एका पोराच्या हातात.

‘बाळा, ही देतोस? मी तुला दोन देतो.’

पोरगा बोलेना.

‘तीन देतो. आणि चॉकलेट.’

एवढ्यात पोराची आई आली. तिने ‘चॉकलेट’ एवढंच ऐकलं आणि चौसष्ट्यांकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. मी पटकन डाळींच्या रांगेत सरकलो. पोराने बिल होताच, तिथेच, दातांनी पाकीट फोडलं, गाडी फरशीवर सोडली आणि बुटाने ढकलत नेली. चौसष्टे परतीच्या एसटीत चौकपर्यंत डोळे मिटून होते. नंतर हळूच म्हणाले, ‘चाकं मात्र छान फिरत होती.’

माणूस असा का झाला, याचं उत्तर मला वाटतं आमच्या मुलखात आहे. कर्जत-खालापूर म्हणजे दुसऱ्यांच्या वाटेवरचे तालुके. पुण्याची आगगाडी इथे थांबते ती घाट चढायला मागून ढकलणारं इंजिन लावायला. प्रवासी उतरले तर वड्यापुरते. एक्स्प्रेसवेवाले खालापुरात थांबतात ते टोलला. चौसष्ट्यांचं बालपण खोपोलीत, जुन्या हायवेला लागून गेलं. त्या काळी बोरघाटात फियाट तापायच्या. बॉनेट उघडून, तोंडाला वाफ आणून उभ्या राहायच्या. मोटारवाले शिंग्रोबाला पैसा टाकायचे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची ख्याती. देवाला पैसा आणि रेडिएटरला पाणी, असा तो घाट. एवढंसं पोरगं पाण्याचा डबा घेऊन पुढं व्हायचं आणि त्या मोबदल्यात गाडी जवळून बघायचं. उभी गाडी. हात लावता येईल अशी. नव्या गाड्या तापत नाहीत. त्या नुसत्या जातात.

म्हणून दर शनिवारी चौसष्टे खालापूरला एक्स्प्रेसवेवरच्या पुलावर जाऊन उभे राहतात. खाली दुचाकीला बंदी, पायी माणसाला बंदी, तेव्हा वरूनच. मुंबईचे श्रीमंत लोणावळ्याला निघालेले असतात. मॉडेल जमवणारी मंडळी खऱ्या मोटारीला ‘एकास एक’ म्हणतात. ही जातसुद्धा चौसष्ट्यांनी स्वीकारली आहे, पण जरा खालची. खालून नारिंगी लॅम्बोर्गिनी आली, डरकाळी फोडत टोलच्या रांगेत शिरली आणि टँकरच्या मागे मुंगीच्या पावलाने सरकू लागली. चौसष्ट्यांनी मान तिरकी केली. ‘तशी जमलीय,’ म्हणाले. ‘रंग थोडा फिका घेतलाय त्यांनी.’ खरी गाडी ही मॉडेलची कशीबशी वाढवलेली नक्कल, यात त्यांना शंका नाही.

प्रमाणाच्या बाबतीत मात्र ते आपल्या लाडक्या कंपनीलाही सोडत नाहीत. पाकीट एकाच मापाचं, म्हणून स्कूलबसही तीन इंच आणि चिमुकली मिनीही तीन इंच, याचा त्यांना संताप येतो. ‘बस आणि मिनी सारख्याच? हा काय न्याय आहे?’ हे ते एसटीच्या कंडक्टरला विचारतात.

आणि तरीही नोंदवहीत एक नोंद होती जी सगळे नियम मोडून बसली होती: काळीपिवळी फियाट टॅक्सी. धातूची नाही, प्लास्टिकची. एकास चौसष्ट नाही, चांगली वीतभर. मागे ओढून सोडली की पळणारी, जत्रेतली. शेरा: ‘खास बाब म्हणून’. फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांच्या कारखान्यात, कुर्ल्याला घडलेली. १९६४ला फियाट म्हणून सुरू झाली, १९७४ला पद्मिनी झाली, पण आमच्याकडे शेवटपर्यंत फियाटच राहिली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ला. टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं. ३० ऑक्टोबर २०२३ला चौसष्टे दाढी न करता कचेरीत गेले. साहेबांनी विचारलं, कोण गेलं? ‘लांबच्या नात्यातलं,’ म्हणाले आणि अर्धी रजा घेतली.

मागच्या हिवाळ्यात आळीची सहल माथेरानला निघाली. मिनिट्रेन म्हणजे ‘टॉय ट्रेन’ म्हटल्यावर चौसष्टे चिडले (दोन फुटी रूळ, कसलं टॉय?), म्हणून नेरळहून टॅक्सीने गेलो. ओम्नी होती. प्रत्येक वळणाला वहिनी देवाचं नाव घेत होत्या आणि हे सांगत होते, ७९६ सीसी, चौऱ्याऐंशी साली आली, एकोणिसात बंद झाली. दस्तुरी नाक्याला उतरलो. त्याच्या पुढे मोटारीला बंदी. चालत जा किंवा घोडा करा. आम्ही प्रवेशाच्या पावत्या घेतल्या, तर चौसष्टे खिडकीशीच खोळंबलेले. सरकारी माणूस, नियम त्यांना खुपत होता.

‘आत गाडी न्यायला बंदी आहे ना?’

‘पार्किंगला लावा,’ आतला माणूस मान वर न करता म्हणाला.

‘पार्किंगला नाही लावता येत. खिशात आहे.’

त्यांनी फियाट काढून खिडकीत ठेवली. त्या माणसाने ती उचलली. आणि उलटी केली. बूड बघितलं. चौसष्ट्यांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. मग एक डोळा मिटून त्याने काचेतून आत पाहिलं.

‘गिअर स्टिअरिंगजवळ दाखवलेला नाही,’ तो म्हणाला. ‘आमच्या वडिलांच्या टॅक्सीत तिथं होता. ताडदेवला असायचे ते.’

‘जत्रेतली आहे हो,’ चौसष्टे ओशाळून म्हणाले.

त्याने फियाट टेबलावर मागे ओढली आणि सोडली. ती पावतीपुस्तकावर चढून शाईच्या पॅडला धडकली. मागे रांग कुरकुरत होती, घोडेवाला ओरडत होता. मी चौसष्ट्यांना ओढून नेलं. एको पॉइंटपर्यंत त्यांचा उजवा हात रिकाम्या खिशातच होता. कुठं काय ओरडले नाहीत.

महिन्याभराने नोंदवही चाळत होतो. जावक, अनुक्रमांक १. फियाट टॅक्सी, काळीपिवळी, नग एक. कोणाकडे: दस्तुरी नाका. शेरा: ‘माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी रवाना.’

कपाटात वीतभर जागा झाली होती. वहिनींनी तिथे दोन रुमाल ठेवले होते. चौसष्टे पनवेलला गेले होते.