आहेराची यादी आणि विंडोज ११

विंडोज १० च्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार, हे कंपनीने फार आधी सांगून ठेवलं होतं. आपल्याकडे फार आधी सांगणं म्हणजे न सांगणंच. पाणीपट्टी असो, रिटर्न असो की हयातीचा दाखला, आपला विश्वास तारखेवर नसतो, मुदतवाढीवर असतो. आणि तो सार्थ ठरला. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सोय जाहीर झाली. मी ती बातमी विजयी मुद्रेने बायकोला वाचून दाखवली.

"अहो, म्हणजे अजून वर्षभर ते डबडं रोज आठवण करून देणार आणि तुम्ही रोज 'नंतर' दाबणार," ती म्हणाली आणि तिने भाच्याला जेवायला बोलावलं. संगणकातलं कळणारा एक तरी मुलगा प्रत्येक नात्यागोत्यात असतो, आणि तो जेवायला बोलावल्याशिवाय मिळत नाही.

भाच्याने आधी विंडोज ११ बसेल का हे तपासणारा प्रोग्राम चालवला. रॅम ४ जीबी हवी, आमची ८. डिस्क ६४ जीबीची हवी, आमची कितीतरी मोठी. प्रोसेसर इंटेलचा असेल तर किमान आठव्या पिढीचा हवा. आमचा नेमका आठव्या पिढीचा निघाला. मला स्वतःला पणजोबांच्या पलीकडचं नाव सांगता येत नाही. संगणकाने मात्र कुलवृत्तांत सिद्ध केला. तरी निकाल आला : अपात्र. अडलं होतं टीपीएम २.० पाशी.

टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय. या पिढीच्या बहुतेक संगणकांत ती असतेच, फक्त कोणी चालू केलेली नसते. ती बायोसमध्ये जाऊन चालू करायची. तिथे इंटेलवाले तिला पीटीटी म्हणतात आणि एएमडीवाले एफटीपीएम. थोडक्यात, टीपीएम शोधणाऱ्याला टीपीएम सापडू नये याची चोख व्यवस्था. बायोसमध्ये शिरण्यासाठी संगणक सुरू होताच एफ२ किंवा डिलीट दाबायचं, कोणतं ते ज्याच्या त्याच्या मदरबोर्डवर. शिवाय डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर ती आधी जीपीटी करायची, मग बायोसला यूईएफआयवर आणायचं. क्रम चुकला तर विंडोज सुरूच होत नाही.

"म्हणून मामा, आधी बॅकअप. लागतं तेवढंच घ्या."

'लागतं तेवढंच' हे दिवाळीत माळ्यावर चढलेल्या माणसाला 'पटकन उतरा' म्हणण्यासारखं आहे. विजेची बिलं निघाली. केव्हाच मोडीत गेलेल्या मिक्सरची वॉरंटी निघाली. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त निघालं, ज्यात पार्किंगचा विषय पुढील सभेत घ्यायचं ठरलं होतं. 'बॅकअप' नावाच्या फोल्डरात 'जुना बॅकअप' होता, त्याच्या पोटात एक्सपीच्या काळातला 'बॅकअप', आणि त्यात 'आहेर ताई २००६' नावाची फाईल.

आई तोवर मटार सोलत होती. आहेर म्हटल्यावर ती परात बाजूला ठेवून आली. "उघड, उघड. चिपळूणच्या काकांच्या नातीचं लग्न आहे मार्गशीर्षात. त्यांनी काय दिलं होतं ते बघूनच द्यायचं."

फाईल उघडली. नावांच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी. रकमा मात्र स्वच्छ : ५०१, २५१, १०१. एका ओळीत नुसतेच ५१.

भाच्याने उलगडा केला. पूर्वीच्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट गेला की मराठी गेलं. आकडे आपल्याच जागी असल्याने ते तेवढे वाचले. देवनागरी युनिकोड विंडोज २००० पासून उपलब्ध होतं. एक्सपीत त्यासाठी सेटिंगमधल्या एका चौकटीत खूण करून विंडोजची मूळ सीडी घालावी लागे. मूळ सीडी! २००६ साली! असो. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर असतात, पण आमचा फॉन्ट त्यांच्या यादीत सापडेना. वर्डमध्ये वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव दिसतंय, फॉन्ट कुठेच नाही.

मग टीपीएम राहिलं बाजूला आणि ५१ वाले कोण, यावर स्वयंपाकघरात चौकशी समिती बसली. आईने तीन घराण्यांवर संशय घेतला. त्यातलं एक माझं सासर असल्याने समितीत फूट पडली. भाचा मुकाट्याने बायोसमध्ये गेला.

विंडोज ११ बाकी सुरळीत बसलं. स्टार्टचं बटण कोपरा सोडून मधल्या रांगेत सरकलंय. टास्कबारच्या सेटिंगमधून ते डावीकडे परत नेता येतं. घरात ज्येष्ठ असतील तर हे आधी करा, मग त्यांना पडदा दाखवा. आणि जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यातल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून मराठी फॉन्ट तेवढे काढून ठेवा.

आमच्या ताईच्या लग्नाला आलेल्या सर्वांना मात्र विनंती, की आपापली रक्कम आईला फोन करून कळवावी. ५१ वाल्यांनीसुद्धा. ती काही बोलणार नाही.